वीज गेल्यानंतरचे पहिले वीस मिलीसेकंद

टेबलाखाली नवे पॉवर स्टेशन, म्हणजे वीज साठवून सॉकेटमधून परत देणारी मोठ्या बॅटरीची पेटी, ठेवून आठवडाही झाला नव्हता, तोच एका दुपारी वीज गेली आणि संगणक बंद पडला. पॉवर स्टेशनच्या छोट्या पडद्यावर बॅटरी ९९ टक्के भरलेली दिसत होती, टेबलावरचा दिवा त्याच पेटीवर निवांत जळत होता, आणि संगणक मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. सेव्ह न केलेला मजकूर गेला तो गेलाच. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा काहीही झाले नाही. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रकार. पेटीच सदोष आहे अशी माझी जवळजवळ खात्री पटली होती, पण माहितीपत्रक नीट वाचल्यावर लक्षात आले की ती सांगितल्याप्रमाणेच वागत होती. मुख्य पुरवठ्यावरून बॅटरीवर येण्यास २० मिलीसेकंदांपर्यंत वेळ लागेल, असे त्यात बारीक अक्षरांत छापलेले होते, आणि खरेदीच्या उत्साहात मी त्या ओळीचा 'म्हणजे लगेचच' असा सोयीचा अर्थ लावला होता.

संगणकाच्या दृष्टीने २० मिलीसेकंद हा बराच मोठा काळ आहे. भिंतीतून येणारी वीज ५० हर्ट्झची असेल तर तिचे एक पूर्ण आवर्तन नेमके २० मिलीसेकंदांचे असते, आणि ६० हर्ट्झची असेल तर सुमारे १६.७ मिलीसेकंदांचे. प्रत्येक आवर्तनात व्होल्टेज दोनदा शून्यावरून जाते, त्यामुळे संगणकाच्या एसएमपीएसला (भिंतीतली वीज संगणकाला हवी तशी करून देणाऱ्या आतल्या भागाला) लहानसहान खळगे भरून काढण्याची सवय असावीच लागते. त्यासाठी त्याच्या आत एक जाडजूड कपॅसिटर, म्हणजे थोडा वेळ वीज साठवणारा भाग, असतो, जो आधुनिक एसएमपीएसमध्ये साधारण ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत भरलेला असतो. बाहेरची वीज तुटली की संगणक काही काळ या कपॅसिटरमधल्या साठ्यावर चालतो. इंटेलच्या एटीएक्स (डेस्कटॉप संगणकांच्या प्रचलित मापाच्या) एसएमपीएससाठीच्या मार्गदर्शिकेत हा काळ १७ मिलीसेकंदांच्या आसपास अपेक्षिलेला आहे, तर संगणक उपकरणांनी कितपत खंड सहन करावा हे दाखवणारा आयटीआयसी या नावाने ओळखला जाणारा आलेख २० मिलीसेकंदांपर्यंत शून्य व्होल्टेज सहन करण्याची अपेक्षा ठेवतो. माझ्या पेटीचा वेळ आणि संगणकाचा दम हे असे अगदी काठाला काठ लावून उभे होते.

एकदा संगणक बंद पडला आणि एकदा तगला, याचे कोडेही इथेच सुटते. कपॅसिटरमधला साठा ठरावीक असतो आणि तो किती वेळ पुरेल हे त्या क्षणी संगणक किती वीज खेचत आहे यावर अवलंबून असते. नुसता मजकूर लिहिण्याचे काम चालू असेल तर तो २० मिलीसेकंद सहज ओलांडतो, पण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही जोरात चालू असतील तर निम्म्यातच संपू शकतो. त्यातच एसएमपीएस जुना असेल तर कपॅसिटरची क्षमता वर्षागणिक घटलेली असते. म्हणून 'माझ्याकडे तर व्यवस्थित चालते' हे एखाद्याचे म्हणणे खरे असूनही दुसऱ्याच्या उपयोगाचे असेलच असे नाही.

पॉवर स्टेशनला एवढा वेळ का लागतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. वीज असताना ते भिंतीकडून आलेली वीज जवळजवळ तशीच पुढे सोडते आणि बाजूला बॅटरी चार्ज करत राहते. वीज गेली की आधी आतल्या नियंत्रकाला ती खरोखरच गेली आहे, केवळ क्षणिक लुकलुकलेली नाही, याची खात्री करावी लागते. मग रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, उघडून भिंतीशी असलेले नाते तोडावे लागते, कारण तसे न करता बॅटरीतल्या विजेचे भिंतीतल्यासारख्या विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर चालू केला तर बॅटरीतली वीज उलटी भिंतीतल्या तारांमध्ये शिरेल. आणि त्यानंतरच इन्व्हर्टरची वीज पुढे जाते. रिले हा हलणारा यांत्रिक भाग असल्यामुळे त्यालाच काही मिलीसेकंद लागतात. साधा यूपीएससुद्धा (वीज जाताच संगणकाला थोडा वेळ बॅटरीवर चालवणारे उपकरण) हेच करतो, परंतु तो याच कामासाठी घडवलेला असल्याने साधारणपणे १० मिलीसेकंदांच्या आत उरकतो. ऑनलाइन प्रकारच्या यूपीएसमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्यात उपकरणाला वीज सदैव इन्व्हर्टरकडूनच मिळत असते आणि भिंतीतली वीज फक्त त्या इन्व्हर्टरला खाऊ घालण्याचे काम करते.

मग यूपीएस पुरेसा असताना पॉवर स्टेशन घ्यावेच कशाला? याचे उत्तर तासांच्या हिशोबात आहे. घरगुती वापराच्या लहान यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अॅम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॉट-तास (एक वॉटचे उपकरण ८४ तास चालेल एवढी वीज) येतात, पण हा आकडा ती बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली तरच खरा ठरतो. पंधरा मिनिटांत उपसायला गेलो तर त्यातले जेमतेम निम्मे हाती लागते. शिवाय उष्णता हा या बॅटरीचा जुना वैरी आहे. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांमागे तिचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे. यूपीएसचा हेतूच मुळात सेव्ह करून संगणक नीट बंद करण्यापुरती सवड देणे हा आहे. वीज चार तास जाणार असेल आणि त्या चार तासांत काम करायचे असेल, तर तिथे तो हात टेकतो. हजार वॉट-तासांचे पॉवर स्टेशन मात्र तिथूनच खरे कामाला लागते.

या पेट्यांमधल्या सेलच्या रसायनाविषयी थोडे लिहायला हवे, कारण खरेदी करताना मी सर्वाधिक वेळ याच प्रश्नावर घालवला. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्यामागचे मूलभूत संशोधन करणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते, आणि इतक्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच. त्यांच्याच टेक्सासमधील प्रयोगशाळेतून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिथियम आयर्न फॉस्फेट हे धन-अग्राचे (बॅटरीच्या धन टोकाचे) द्रव्य पुढे आले, ज्याला बाजारात एलएफपी म्हणतात. यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही, आणि म्हणून निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकाराच्या तुलनेत एलएफपी सेल भडकण्याची शक्यता कमी असते. कमी असते म्हणजे नसते असे नव्हे. पेटीवर कापड पांघरणे किंवा ती बंद कपाटात कोंबणे तरीही वर्ज्यच समजावे.

एलएफपीच्या जाहिरातींत '३००० पेक्षा जास्त चार्जिंग चक्रे' हा आकडा ठळकपणे मिरवला जातो. रोज सौर ऊर्जा साठवून रोज वापरणाऱ्यासाठी तो मोलाचा आहे. संगणकाला आधार म्हणून ठेवलेल्या पेटीच्या बाबतीत मात्र त्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण आठवड्यातून एकदा बॅटरी पूर्ण रिकामी झाली असे धरले तरी वर्षाची चक्रे ५२ च होतात. अशा पेटीचे आयुष्य चक्रांपेक्षा वर्षांनी, ती कायम पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहते की नाही याने आणि खोलीतल्या उष्णतेने ठरते. म्हणूनच चार्जिंगची वरची मर्यादा ८० किंवा ९० टक्क्यांवर ठेवण्याची सोय असलेली पेटी मी निवडली. मात्र एलएफपीची एक खोड माहीत असलेली बरी. या सेलचे व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात ३.२ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून 'आता किती उरले' हे आतल्या बॅटरी व्यवस्थापन यंत्रणेला ओळखता येत नाही. ती आत-बाहेर गेलेल्या विजेचा जमाखर्च ठेवत बसते, आणि महिनोन्महिने बॅटरी पूर्ण भरलीच नाही की या जमाखर्चात चूक साचत जाते. माझ्या पेटीने एकदा २८ टक्के दाखवता दाखवता काही मिनिटांत शून्य गाठले होते. तेव्हापासून मर्यादा ९० वर असली तरी अधूनमधून ती १०० टक्क्यांपर्यंत भरू देण्याचा शिरस्ता पाळतो.

किती क्षमतेची पेटी घ्यावी, याचा निर्णय एसएमपीएसवर छापलेल्या आकड्यावरून कधीही घेऊ नये. ६५० वॉटचा एसएमपीएस म्हणजे तो जास्तीत जास्त तेवढी वीज देऊ शकतो, संगणक तेवढी घेतो असे नाही. प्लगमध्ये बसणारे एक साधे वॉटमीटर घेऊन आठवडाभर मोजणे हा यावरचा एकमेव खात्रीचा उपाय आहे. माझा संगणक आणि एक मॉनिटर मिळून लेखनाच्या वेळी ८५ ते ९५ वॉट घेतात, व्हिडिओचे काम करताना २५० वर जातात, आणि दिवसभराची सरासरी १२० च्या आसपास येते. हजार वॉट-तासांपैकी इन्व्हर्टरमधली गळती वजा जाता सुमारे ८५० हाती येतात असे धरले, तर सरासरी भाराला सात तास मिळतात. व्हिडिओचे काम अखंड चालवले तर हेच तास साडेतीनच्या आत येतात.

इथे सर्वांची फसगत होते ती राउटरच्या हिशोबात. राउटर १० वॉटचा, म्हणजे ८५० भागिले १०, म्हणजे ८५ तास, असे गणित मीही मांडले होते. प्रत्यक्षात पेटीने दीड दिवसही काढला नाही. कारण इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच वीज खातो. त्याला जोडलेले उपकरण १० वॉटचे असो वा ५०० वॉटचे, हा खाक्या बदलत नाही. हजार वॉट-तासांच्या वर्गातील पेट्यांत हा स्वतःचा खर्च १० ते ३० वॉटच्या दरम्यान असू शकतो, म्हणजे कधीकधी राउटरपेक्षा इन्व्हर्टरच जास्त वीज गिळतो. मोठ्या भाराला ही गळती जाणवत नाही, लहान भाराला ती सारा हिशोब उलटवून टाकते. यावर उपाय असा की बॅटरीतली डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज आधी एसी (भिंतीतल्यासारखी दिशा बदलत राहणारी) करून मग राउटरच्या ॲडॉप्टरमध्ये पुन्हा डीसी करण्याचा द्राविडी प्राणायाम टाळावा. बहुतेक राउटर १२ व्होल्ट डीसीवरच चालतात आणि पॉवर स्टेशनवर १२ व्होल्टचे आउटपुट असते. व्होल्टेज, पिनचा आकार आणि धन-ऋण बाजू जुळतात हे तपासून थेट तार जोडली की इन्व्हर्टर बंद ठेवता येतो. लॅपटॉपही यूएसबी-सी वरून थेट चार्ज करता येतो आणि तिथेही तीच बचत होते.

याच्याच जोडीला आणखी एक सापळा आहे. बऱ्याच पेट्यांमध्ये वीज वाचवण्यासाठी अशी सोय असते की भार ठरावीक वॉटपेक्षा कमी असल्यास काही वेळाने एसी आउटपुट आपोआप बंद व्हावे. शिबिराला नेण्याच्या पेटीसाठी ही सोय उत्तम, पण रात्रभर झोपलेल्या संगणकासाठी घातक. पेटी घरी आणल्यावर सर्वप्रथम सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पॉवर स्टेशनला दम आहे पण चपळाई नाही. यूपीएसला चपळाई आहे पण दम नाही. मी माळ्यावर टाकलेला जुना यूपीएस खाली काढला, त्याची बॅटरी बदलली आणि भिंत, पॉवर स्टेशन, यूपीएस, संगणक अशा क्रमाने जोडणी केली. आता वीज जाते तेव्हा पेटीला लागणाऱ्या २० मिलीसेकंदांत यूपीएस स्वतःच्या बॅटरीवर जातो, आणि पेटीची वीज स्थिरावली की काही सेकंदांनी पुन्हा तिच्यावर येतो. टेबलाखालून दोनदा 'टक्' असा आवाज येतो, एवढेच. हा क्रम उलटा करू नये. पॉवर स्टेशनला यूपीएसमधून वीज दिली तर त्याच्या चार्जिंगचा सारा भार यूपीएसवर पडतो, आणि ३६० वॉट देऊ शकणारा यूपीएस हजार वॉट मागणाऱ्या चार्जरसमोर लगेच मान टाकतो.

ही जोडणी चालण्यासाठी दोन अटी आहेत. पेटीचा इन्व्हर्टर शुद्ध साइन लहर (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत चढ-उताराची वीज) देणारा असला पाहिजे, नाहीतर यूपीएस ती वीज वाईट समजून नाकारतो आणि स्वतःची बॅटरी संपेपर्यंत तिच्यावरच चालत राहतो. तसेच पेटीची वारंवारता ५० की ६० हर्ट्झ, हे सेटिंग भिंतीतल्या विजेशी जुळलेले असले पाहिजे.

या साखळीचा खरा फायदा मला नंतर उमगला. यूपीएसला यूएसबीची तार असते आणि त्या तारेवरून तो संगणकाला 'वीज गेली', 'बॅटरी संपत आली' असे कळवू शकतो. संगणकाच्या प्रणालीला किंवा नेटवर्क यूपीएस टूल्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरला ही भाषा समजते आणि वेळेत शटडाउन होते. बहुतांश पॉवर स्टेशनना ही भाषा येत नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ती सगळे सांगतात, पण शेजारी बसलेल्या संगणकाला काहीच सांगत नाहीत, आणि त्यामुळे सात तासांनी बॅटरी संपते तेव्हा संगणक पुन्हा तसाच धाडकन बंद पडतो. जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच फक्त सात तास उशिरा घडते. मध्ये यूपीएस असला की पेटी संपताच त्याला 'वीज गेली' असे वाटते, तो संगणकाला कळवतो आणि शटडाउनसाठी काही मिनिटे देतो. यूपीएस नको असेल तर दुसरी युक्ती आहे: पेटीला न जोडता थेट भिंतीला जोडलेले एखादे नेटवर्क उपकरण निवडायचे, आणि संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची, जी दर मिनिटाला त्या उपकरणाची चौकशी करेल आणि ठरलेल्या तासांपर्यंत उत्तर आले नाही तर संगणक नीट बंद करेल. त्यासाठी राउटर पेटीवर असणे आवश्यक, हे ओघाने आलेच.

वीज चालू असतानाही पॉवर स्टेशनकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. भिंतीतली वीज ते बायपासने पुढे सोडते, त्यामुळे व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर ते तसेच संगणकापर्यंत पोहोचते; ते सावरण्याचे काम लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस करतो, पेटी बहुधा करत नाही. वीज परत आल्यावर पेटी पूर्ण वेगाने चार्ज होऊ लागते, तेव्हा चार्जिंगचा आणि संगणकाचा असा दोघांचा भार एकाच सॉकेटवर येतो. मी चार्जिंगचा वेग मुद्दाम ३०० वॉटवर आणून ठेवला आहे. पंख्याचा गोंगाट थांबला आणि सेलही कमी तापतात. लेझर प्रिंटर मात्र या साखळीपासून दूर ठेवला आहे, कारण कागदावरची टोनरची पूड पक्की करणारा त्याचा तप्त रोलर क्षणात हजार वॉटच्या घरात वीज मागतो आणि यूपीएस भाराखाली सगळ्यांनाच अंधारात लोटतो. आणखी एक अनुभव येऊ शकतो: बॅटरीवर चालताना अनेक पेट्यांचे आउटपुट अर्थिंगपासून तुटलेले असते, त्यामुळे एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे संगणकाच्या धातूच्या खोक्याला हात लावल्यास हलका चिमटा बसतो. मला तो बसला तेव्हा मी दचकून हात मागे घेतला होता.

हे सर्व वाचून कोणी लगोलग खरेदीला निघणार असेल, तर एक सांगणे आहे. ज्यांचे काम लॅपटॉपवर चालते, त्यांच्याकडे यूपीएस आणि बॅटरी दोन्ही आधीपासून आहेत आणि तेही शून्य मिलीसेकंदात बदलणारे. त्यांना फक्त राउटर चालू ठेवायचा असतो, आणि त्यासाठी १२ व्होल्टचा तळहाताएवढा डीसी यूपीएस पुरतो. हजार वॉट-तासांची दहा-बारा किलोंची पेटी त्यांनी केवळ संगणकासाठी घेणे म्हणजे मला उधळपट्टीच वाटते.

ज्यांना ती खरोखर लागते, त्यांनी दर तीन महिन्यांनी एकदा पूर्ण चाचणी घ्यावी: प्लग काढायचा, आणि पेटी अगदी रिकामी होऊन यूपीएस संगणक बंद करेपर्यंत थांबायचे. मी पहिल्यांदा ही चाचणी घेतली तेव्हा सात तास व्यवस्थित गेले, शटडाउनही ठरल्याप्रमाणे झाले, आणि मी समाधानाने प्लग परत लावून बाहेर गेलो. संध्याकाळी परतलो तर पेटी ९० टक्के भरलेली होती, पण तिचे एसी आउटपुट बंदच होते, कारण बॅटरी पूर्ण संपल्यावर ते बटण दाबल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. आणि दिवसभर कोणाकडूनच वीज न मिळालेला यूपीएस केकाटून केकाटून शेवटी गप्प झाला होता. त्याची बॅटरी पुन्हा भरायला रात्र गेली. आता पेटीच्या वरच्या बाजूला, त्या बटणाशेजारी, मी एक कागदी बाण चिकटवून ठेवला आहे.